मुलं आजारी पडली नाहीत, की आणली नाहीत?

नॉर्वेत फॅमिली डॉक्टरचा दवाखाना संध्याकाळी बंद झाला, की रात्रभर आणि सुट्टीच्या दिवशी ‘लेगेव्हाक्त’ ही सरकारी सेवा चालू असते. ११६११७ वर फोन लावला की बहुधा नर्स बोलते. मुलाला लगेच आणायचं की घरीच सांभाळायचं, ते ती सांगते. तापाने फणफणलेली, कान दुखतोय म्हणून रडणारी मुलं तिथे एरवी नेहमीची. कोरोनामुळे १२ मार्च २०२० रोजी शाळा आणि बालवाड्या बंद झाल्या आणि ही गर्दी ओसरली.

याचं एक कारण चांगलंच होतं. मुलं एकत्र खेळत नव्हती, त्यामुळे सर्दी-खोकल्याचे विषाणू पसरत नव्हते. पण संसर्गाच्या भीतीपोटी आजारी मुलाला घरीच ठेवलं, तरी गर्दी ओसरतेच. मग खरं काय झालं, हे कळायचं कसं?

त्यासाठी शाळा बंद झाल्याने न टळणारा आजार बघावा लागतो. टाइप १ मधुमेह असाच. जर्मनीत १३ मार्च ते १३ मे २०२० या काळात ५३२ मुलांमध्ये त्याचं नव्याने निदान झालं. त्यातली ४४.७ टक्के मुलं कीटोअॅसिडोसिस (निदानाला उशीर झाला की होणारी, रक्तात आम्ल साठण्याची अवस्था) होऊनच आली. २०१९ मध्ये त्याच काळात हे प्रमाण २४.५ टक्के होतं. या मधुमेहात शरीरात इन्शुलिन नसलं की ते चरबी जाळत सुटतं, रक्तात आम्ल साठतं आणि जीव धोक्यात येतो. इटलीतल्या डॉक्टरांनी त्याच वसंतात संसर्गाच्या भीतीने उशिरा आणलेल्या, निरनिराळे आजार असलेल्या १२ मुलांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातली ४ दगावली. ‘घरीच राहा’ असं सांगताना ‘पण मूल आजारी वाटलं तर थांबू नका’ हेही तितक्याच मोठ्याने सांगायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

महामारीत तपासणीचं बरंच काम फोनवर आलं, आणि फोनवर टाइप १ मधुमेह सहज निसटतो. उलट्या, पोटदुखी, मलूल मूल असं ऐकलं की पोट बिघडलंय असंच वाटतं. म्हणून लघवीचं विचारायलाच हवं. जुलाब-उलट्यांनी कोरडं पडलेलं मूल लघवी कमी करतं. मधुमेहात मात्र कोरडं पडूनही लघवी होतच राहते. खूप तहान, उतरलेलं वजन, सवय सुटलेल्या मुलाने पुन्हा अंथरूण ओलं करणं, ही आधीची लक्षणं. श्वास खोल आणि जोरजोरात चालू असेल तर सकाळची वाट बघायची नाही. ग्लुकोमीटरला रक्ताचा एक थेंब आणि काही सेकंद पुरतात, पण त्यासाठी मूल त्याच रात्री डॉक्टरसमोर असावं लागतं.