नव्या जन्माची खात्री

येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला देवाने आत्मिक अर्थाने नवे जीवन दिले आहे, हे त्याचे त्याला निश्चित कळणे म्हणजे नव्या जन्माची खात्री. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ‘तारणाची खात्री’ हा शब्दही रूढ आहे. ‘पुनर्जन्म’ म्हणणे जाणते पाळक टाळतात, आणि ते योग्यच आहे. कोल्हापुरात हा शब्द उच्चारताच ऐकणाऱ्याला चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा आठवतो. इथे सांगायचा असतो तो याच आयुष्यात, एकदाच होणारा जन्म.

या शिकवणीचा उगम योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. निकदेम नावाचा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, रात्री येशूकडे येतो आणि म्हातारा माणूस पुन्हा आईच्या उदरात कसा शिरणार, असे विचारतो. तिथल्या ग्रीक शब्दाचे ‘पुन्हा’ आणि ‘वरून’ असे दोन्ही अर्थ होतात. निकदेमाने पहिलाच धरला. उसाच्या मुलखात हा फरक सांगणे सोपे जाते: जुन्या बुडख्यातून फुटतो तो खोडवा, नवा जन्म म्हणजे नवी लावण.

ही खात्री कशावर उभी राहते? पहिला आधार देवाच्या वचनाचा. दुसरा रोमकरांस पत्रात (8:16) येतो: आपण देवाची मुले आहोत, अशी पवित्र आत्मा आपल्या आत्म्याबरोबर साक्ष देतो. तिसरा आधार सर्वांत उघड आणि सर्वांत अवघड. योहानाच्या पहिल्या पत्रानुसार (3:14) आपण मरणातून जीवनात आलो हे बंधूंवरच्या प्रीतीवरून कळते. ज्याच्याशी बांधावरून बोलणे तुटले आहे, त्या भावाच्या दारात उभे राहिले की ही परीक्षा सुरू होते.

याबाबत ख्रिस्ती परंपरांचे एकमत नाही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 1547 मध्ये ठरवले की, आपल्याला देवाची कृपा मिळाली आहे, हे कोणीही विश्वासाच्या अचूक खात्रीने जाणू शकत नाही. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनमध्ये आपले अंतःकरण ऊबदार झाल्याचे लिहून ठेवले. मेथडिस्ट परंपरेत अशा अनुभवाला मोठे मोल आले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त नंतर भेटला, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे.

कोल्हापुरात रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये आले आणि पुढे 1870 च्या सुमारास त्यांचे मिशनचे काम प्रेसबिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनकडे गेले. वाइल्डर यांच्या नावाचे चर्च आजही शहरात आहे. या परंपरेत तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा होतो, म्हणून इथल्या जुन्या ख्रिस्ती घरांत एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. साक्षीच्या सभेत एखादा नवा विश्वासणारा उठतो आणि दारू कधी सुटली, गुडघे कुठे टेकले, सगळे तारखेनिशी सांगतो. मागच्या बाकावर चौथ्या पिढीची आजी बसलेली असते. तिला दाखवायला अशी तारीख नसते. तिच्या पवित्र शास्त्राच्या पानांच्या कडा मात्र बोटांनी काळवंडलेल्या असतात, आणि शेजारणीच्या बाळंतपणात रात्रभर जागलेली तीच असते. तिला ‘तुझा नवा जन्म कधी झाला?’ असे दरडावून विचारणे हा अन्याय आहे. प्रेसबिटेरियनांच्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीत 18 वा अध्याय याच विषयावर आहे. खरा विश्वास असूनही खात्रीसाठी माणसाला दीर्घकाळ वाट पाहावी लागू शकते आणि मिळालेली खात्रीही कधी डळमळते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. घरात जन्मल्यामुळेच आपण ख्रिस्ती आहोत, अशी समजूत मात्र या शिकवणीत टिकत नाही. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर खात्री उभी राहत नाही.

निकदेमाची तारीखही शास्त्रात नाही. पुढे तो सभेत येशूची बाजू घेताना दिसतो आणि वधस्तंभानंतर गंधरस व अगरूचे सुमारे 33 किलो मिश्रण घेऊन त्याला पुरायला येतो.