विचित्र विमानाला आधी प्रश्न विचारा

बीव्ही १४१ चा फोटो पहिल्यांदा पाहिला की वाटतं, दोन वेगळी विमानं कापून एकमेकांना चिकटवली आहेत. डावीकडे लांबट धड, त्याच्या टोकाला इंजिन आणि प्रोपेलर. पण त्या धडात बसायला जागाच नाही. माणसं बसतात उजव्या पंखावरच्या स्वतंत्र काचेच्या केबिनमध्ये. नंतरच्या बी प्रकारात तर शेपटीचा आडवा पंखही जवळजवळ डावीकडेच उरला आहे. ब्लोम उंड फॉस कंपनीचं हे जर्मन टेहळणी विमान २५ फेब्रुवारी १९३८ रोजी पहिल्यांदा उडालं आणि चांगलं उडालं.

असं विमान ओळखायचं तर आधी विचारावं : हा आकार कोणत्या अडचणीतून आला? इथे मागणी होती एकाच इंजिनाच्या, पण चौफेर नजर टाकता येईल अशा विमानाची. इंजिन नाकावर असलं की समोरचं दृश्य अडतं. विमानाचे रचनाकार रिचर्ड फोग्ट यांनी माणसंच बाजूला सरकवली. एकट्या प्रोपेलरमुळे विमान एका अंगाला वळू पाहतं; दुसऱ्या अंगाला ठेवलेल्या केबिनचा ती ओढ सावरायलाही उपयोग झाला. शेपटीचा उजवा भाग काढला तो मागे बसलेल्या गनरला मोकळा मारा करता यावा म्हणून. मला हे विमान म्हणूनच देखणं वाटतं.

अमेरिकेच्या व्ही-१७३ ला पंख असे नाहीतच, अख्खं विमानच एक जाडसर चकती आहे. पंखांच्या टोकांशी हवेचे भोवरे तयार होतात आणि विमानाची शक्ती खातात. म्हणून चकतीच्या दोन कडांना मोठे प्रोपेलर बसवले, भोवऱ्यांच्या उलट दिशेने फिरणारे. १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये ते उडालं, अगदी कमी वेगातही हवेत टिकून राहिलं.

अडचण सारखी असली की दुसऱ्या महायुद्धातल्या शत्रूंची विमानंही भावंडांसारखी दिसतात. अमेरिकेचं एक्सपी-५५ असेंडर आणि जपानचं शिन्देन, दोघांचाही प्रोपेलर मागे आणि छोटा पंख पुढे. इथे पाती मोजावीत : असेंडरला तीन, शिन्देनला सहा. जर्मन स्टुका आणि अमेरिकी कॉर्सेअर यांचे पंख समोरून पाहिले तर धडाजवळ खाली उतरून पुन्हा वर चढतात. दोन्हीकडे चाकांचे पाय आखूड ठेवायचे होते. पण स्टुकाचे पाय उडतानाही खालीच राहतात, कॉर्सेअर ते पंखांत मिटून घेतं.

रंग आणि खुणा यांच्यावर मी आकारानंतरच भरवसा ठेवते. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे, त्यामुळे तो काळा उमटे, पिवळा काळपट आणि निळा फिकट. ब्रिटिश विमानांवरची रंगीत वर्तुळं अशा फोटोंत भलतीच भासतात. स्वस्तिक दिसलं की विमान जर्मनच असंही नाही. फिनलंडच्या हवाई दलाने १९१८ पासून १९४५ पर्यंत निळं स्वस्तिक वापरलं, आणि ते अमेरिकेत बनलेल्या ब्रूस्टर विमानांवरही होतं. मात्र काळ ठरवायला खुणांसारखी मदत नाही. अमेरिकी विमानांवरच्या ताऱ्याच्या मधला लाल ठिपका मे १९४२ मध्ये काढला गेला, कारण दुरून तो जपानी लाल वर्तुळासारखा दिसे. ठिपका आहे, तर विमान बहुधा त्याआधी रंगवलेलं.

बीव्ही १४१ चं एकही विमान आज शिल्लक नाही, उरले ते फोटो. फोटो छापताना उलटा होऊ शकतो. इतर विमानांत ते सहज निसटतं, या विमानात नाही. मनाने वैमानिकाच्या जागी बसून पुढे पाहा : केबिन डावीकडे आली, तर फोटो उलटा आहे.