बिलांच्या कागदांतून कंपवाताची मोजणी

इंदूरच्या दवाबाजारातल्या ठोक विक्रेत्यांचे हिशेब जुळवले, तर कंपवातावरचं मुख्य औषध असलेल्या लेव्होडोपाच्या महिन्याला किती गोळ्या खपतात ते कळेल. पण त्या किती माणसं घेतात, हे त्यातून कळणार नाही. कुणाला दिवसाला तीन लागतात, कुणाला आठ. शिवाय देवास-धारकडचे दुकानदारही इथूनच माल उचलतात. मग शहरात कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे, रुग्ण आहेत तरी किती? मेंदूविकारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि औषधांचा साठा किती लागेल, हे ज्या आकड्यावरून ठरायला हवं, तो आकडा मिळवणं फार अवघड आहे.

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे घरोघरी जाऊन माणसं तपासणं. मुंबईच्या पारशी वसाहतींत अशी पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले आणि लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण निघाले. पुढे बंगळुरू आणि आसपासच्या गावांतल्या लाखभर लोकांच्या पाहणीत हाच आकडा लाखामागे ३३ च्या आसपास आला. एवढ्या फरकामागे वयाचा वाटा मोठा आहे. हा आजार बहुतेकांना साठीच्या आसपास किंवा त्यानंतर गाठतो, आणि पारशी समाजात वृद्धांचं प्रमाण खूप जास्त आहे. म्हणून वयोगट पाहिल्याशिवाय दोन गावांचे आकडे शेजारी मांडू नयेत. युरोपातल्या अशाच एका मोठ्या पाहणीत (१९९७) सापडलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्याला आपल्याला हा आजार आहे याची कल्पनाच नव्हती. दार ठोठावलं नसतं, तर ते कुठल्याच कागदावर आले नसते.

पण अशी पाहणी खर्चिक आणि वेळखाऊ. म्हणून गेल्या काही दशकांत संशोधक दुसऱ्याच कामासाठी लिहिलेल्या नोंदींकडे वळले: विम्याचे दावे, डॉक्टरांची बिलं, रुग्णालयातून सुटी देतानाचे कागद, औषधविक्रीच्या नोंदी. प्रत्येक आजाराला एक आंतरराष्ट्रीय संकेतांक असतो. पार्किन्सनचा आहे जी-२०. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात डॉक्टरांची बिलं सरकारी विम्याकडेच जातात, त्यामुळे प्रांतभरचे संकेतांक एका जागी सापडतात. तिथल्या नोंदी आणि अमेरिकेतले काही समूह एकत्र करून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पंचेचाळिशीपुढच्या लोकांत लाखामागे सुमारे ५७२ रुग्ण, आणि २०३० पर्यंत एकट्या अमेरिकेत बारा लाखांवर, असा त्याचा अंदाज होता.

संकेतांक एकदा दिसला म्हणून माणूस रुग्ण धरता येत नाही. पार्किन्सनला रक्ताची अशी कुठलीही तपासणी नाही जी नेहमीच्या दवाखान्यात करून निकाल लावता येईल. निदान तज्ज्ञाच्या हातांनी आणि डोळ्यांनी होतं. हात थरथरतो म्हणून पहिल्या भेटीत ‘पार्किन्सन?’ असं लिहिलं जातं आणि पुढे तो साधा कंप निघतो. म्हणून कुणाला रुग्ण धरायचं याचा नियम कडक करतात: वर्षभरात दोनदा संकेतांक हवा, दोन्हींत किमान महिन्याचं अंतर हवं, किंवा सोबत औषधाची नोंद हवी. औषधंही फसवतात. पार्किन्सनवरचं प्रामिपेक्सोल रात्री पाय अस्वस्थ होणाऱ्यांनाही देतात. त्यावरचंच दुसरं औषध, ट्रायहेक्सिफेनिडिल, मनोविकाराच्या औषधांचे दुष्परिणाम आवरायलाही वापरतात. चक्करेसाठी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी सिनारिझिन तर वृद्धांत पार्किन्सनसारखीच लक्षणं उभी करू शकते. गोळी थांबवली की बहुतेकांत ती हळूहळू ओसरतात.

इथे एक काल्पनिक हिशेब करून पाहू. दहा लाख वस्तीत खरे रुग्ण २,०००. आपला नियम त्यांतले ८० टक्के पकडतो, आणि निरोगी माणसांपैकी हजारात फक्त एकाला चुकून रुग्ण ठरवतो. ऐकायला उत्तम वाटतं. पण खरे सापडले १,६०० आणि खोटे जवळजवळ १,०००! यादीतल्या दर पाच जणांत दोघांना आजारच नाही. हीच चूक दहा हजारांत एकावर आणली, तर खोटे शंभरच उरतात, पण यादी १,७०० वर थांबते आणि ४०० खरे रुग्ण बाहेरच राहतात. त्यामुळे नियम किती चुकतो हे आधी माहीत असावं लागतं. त्यासाठी यादीतले आणि यादीबाहेरचे काही लोक निवडून त्यांचे मूळ केसपेपर तज्ज्ञांकडून तपासून घेतात. चुकीचं प्रमाण कळलं, की कच्चा आकडा गणिताने दुरुस्त करता येतो. ही पडताळणी ज्या अभ्यासात नाही, त्याच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.

हे सगळं इंदूरला लावू या. एम.वाय. हॉस्पिटलची ओपीडी असो की रामबागेतला खासगी दवाखाना, डॉक्टर पर्चा लिहितात आणि तो पर्चा रुग्ण घरी नेतो. आजोबांचा दहा वर्षांचा वैद्यकीय इतिहास कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. आयुष्मान योजनेच्या नोंदी संगणकावर आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांनाच, उत्पन्न न पाहता, ती लागू झाली आहे. पण ती मुख्यतः भरती झाल्यावरचा खर्च देते. पार्किन्सन हा वर्षानुवर्षं ओपीडीतच चालणारा आजार. रुग्ण भरती होतो तो पडून खुब्याचं हाड मोडल्यावर, किंवा गिळताना अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाल्यावर. दावा खुब्याच्या शस्त्रक्रियेचा जातो, आणि माणूस कशामुळे पडला, हे त्या दाव्यात येतच नाही.

मध्य प्रदेशात कुटुंबाला आणि प्रत्येक सदस्याला समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा ओळख क्रमांक, आहे. तत्त्वतः वेगवेगळ्या नोंदी जोडायला असा एक क्रमांक पुरतो. ऑन्टारिओत विम्याच्या क्रमांकाने हेच साधलं. अर्थात रुग्णाची ओळख झाकून आणि संमतीचे नियम पाळूनच. पण जोडायला मुळात ओपीडीची नोंद तर हवी. सुरुवात अगदी छोटी असू शकते: शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी एक वर्ष निदान, वय आणि राहण्याचा भाग एवढंच एका समान तक्त्यात भरायचं, आणि सोबत एका वॉर्डात घरोघरी तपासणी करायची. वॉर्डात सापडलेल्यांपैकी किती जण तक्त्यात आधीच होते, यावरून शहरभर किती निसटत असतील याचा अंदाज बांधता येईल.