करडई, केना आणि काबुकीतला व्हिलन

1794 साली एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, शाराकू नावाचा चित्रकार अचानक उगवला, जेमतेम दहा महिन्यांत काबुकी या जपानी नाटकातल्या नटांची शंभरावर चित्रं छापून झाली आणि गडी गायब. त्याचं एक चित्र तुम्ही कुठेतरी बघितलेलं असणारच. ओतानी ओनिजी हा नट, एदोबेई नावाच्या लुटारू नोकराच्या रोलमधे, मान पुढे काढलेली, डोळे गरागरा आणि किमोनोतून बाहेर आलेले दोन पंजे, बोटं ताणून फाकलेली. पंजे चेहऱ्याच्या मानाने चक्क छोटे आहेत, पण तो आता पैशांवर झडप घालणार हे त्यातूनच कळतं!

छपाई लाकडी ठशांची, चेरीच्या फळीवर कोरायचं, जवळपास प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. मला खरी गंमत वाटते ती रंगांची. त्या काळातला लाल-गुलाबी यायचा करडईच्या फुलांतून, हो, आपली तेलाचीच करडई. पाकळ्यांत पिवळा रंग भरपूर, तो पाण्यात धुऊन काढायचा, उरलेला लाल पाण्यात विरघळत नाही मग तो राखेच्या अल्कलीयुक्त पाण्यात उतरवायचा आणि आंबट काहीतरी घालून साका बसवायचा. निळा बऱ्याचदा एका रानफुलाचा, आणि ते आपल्या पावसाळ्यात बांधावर माजणाऱ्या केन्याचं सख्खं चुलत भावंड. दोन्ही मिसळले की जांभळा.

पण दोन्ही रंग नाजूक. उजेडाने करडईच्या रंगाचे रेणू तुटतात, केन्याच्या निळ्याला तर नुसता ओलावासुद्धा सोसत नाही. म्हणून आज म्युझियममधल्या चित्रांत जे मातकट करडं कापड दिसतं ते छापलं तेव्हा कित्येकदा झकास जांभळं असायचं.

टिकलं ते अभ्रक, कारण ते खनिज. जुन्या इस्त्रीत कॉइलपाशी पापुद्रे असायचे ना, तेच. शाराकूच्या सुरुवातीच्या चित्रांत नटांमागची काळी चकाकती पार्श्वभूमी अभ्रकाची पूड चिकट खळीत वगैरे कालवून केलेली, चपटे कण कागदावर आडवे बसतात आणि बारक्या आरशांसारखे एकाच दिशेला उजेड फेकतात. हे फोटोत कळतच नाही. लोक तेव्हा चित्र हातात घेऊन बघायचे, कागद जरा कलला की नटामागे चकाकी सरकायची. आता काच असते आणि रंग उडू नयेत म्हणून उजेड साधारण 50 लक्स, म्हणजे मंदच, त्यामुळे चित्र हलवता येत नाही, आपणच डोकं डावीउजवीकडे हलवत बघायचं, गार्डने विचित्र नजरेने बघितलं तरी.