कार्बन मोनॉक्साइडचं ऋण टोक कोणतं? : पार्श्वभूमी

पुण्यात अकरावी-बारावीच्या क्लासला दरवर्षी हा गोंधळ ठरलेला. रसायनशास्त्राचे सर डायपोल मोमेंटचा (रेणूतले धन-ऋण प्रभार किती आणि किती अंतरावर विभागलेत, त्याचं माप) बाण धन टोकाकडून ऋणाकडे काढतात, भौतिकशास्त्राच्या तासाला तोच बाण उलटा. संकेत दोन आहेत, एवढंच. त्यावर विनाकारण डोकेफोड होते आणि खरा घोळ बाजूलाच राहतो.

रेणूला कायमचं डायपोल मोमेंट असू शकतं, ही कल्पना १९१२ची. हायड्रोजन क्लोराइडचं मोमेंट १.०८ डिबाय (हे मोमेंटचं एकक) भरतं. अख्खा इलेक्ट्रॉन क्लोरिनकडे गेला असता तर ते सहाच्या वर गेलं असतं. भागाकार केला की ‘सुमारे १८ टक्के आयनिक’, म्हणजे इलेक्ट्रॉन तेवढाच सरकलेला, हे उत्तर येतं. प्रभार अणुकेंद्रकांवर ठिपक्यासारखे बसलेत, हे त्यात बिनबोभाट गृहीत धरलेलं असतं.

हे गृहीतक कार्बन मोनॉक्साइडपाशी तोंडघशी पडतं. त्याचं मोमेंट जेमतेम ०.११ डिबाय. नेहमीच्या मोजमापांतून मोमेंटचा वर्ग मिळतो, म्हणजे दिशा कळतच नाही. विद्युतऋणतेचा, म्हणजे अणूच्या इलेक्ट्रॉन ओढण्याच्या ताकदीचा, नियम म्हणतो, ऋण टोक ऑक्सिजनचं. १९५८ साली समस्थानिकं (त्याच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे अणू) बदलून, चुंबकी क्षेत्रात मायक्रोवेव्ह वर्णपटाची मोजमापं झाली आणि ऋण टोक कार्बनचं निघालं. इलेक्ट्रॉन एकमेकांना कसे टाळतात हे नीट न धरणारं साधं क्वांटम गणित मात्र दिशा उलटी देतं; ते धरलं की उत्तर जुळतं. गंमत पुढेच आहे. इलेक्ट्रॉनांची घनता पाहून रेणूची जागा अणूंमध्ये वाटली, तर कार्बनवर चक्क एकाहून जास्त धन प्रभार येतो. तरी ऋण टोक त्याचंच, कारण त्याची एकाकी जोडी (बंधात न अडकलेले दोन इलेक्ट्रॉन) रेणूच्या बाहेरच्या बाजूला फुगलेली असते. मोमेंट मोजता येतं, एकेका अणूवरचे आंशिक प्रभार मात्र एखादी रीत ठरवून वाटून घ्यावे लागतात. पाठ्यपुस्तकात हे प्रभार दाखवणाऱ्या डेल्टा-चिन्हांशेजारी (δ+, δ−) हे छापायला काय हरकत आहे?

वाटपाच्या रीती वाढतच गेल्या: एक १९५५ची, एक १९७७ची. पाण्याच्या १९८३च्या एका लोकप्रिय मॉडेलमध्ये ऑक्सिजनवर −०.८३४ प्रभार आहे. त्यातून मोमेंट २.३५ डिबाय येतं, वाफेतल्या सुट्या रेणूचं मात्र १.८५ असतं; कारण प्रभाराचा आकडा द्रवरूप पाण्याचे गुणधर्म जुळावेत म्हणून बेतलेला.

पुण्याच्या गणेशखिंडीतल्या विद्यापीठात वाटपाऐवजी रेणूभोवतीच्या विद्युतविभवाचे (त्या जागी एकक धन प्रभार आणला तर किती ऊर्जा लागेल, त्याचं माप) नकाशे अभ्यासले गेले. अणुकेंद्रकं सोडली तर या विभवाला कुठेही कमाल बिंदू नसतो, ही सिद्धता १९९०ची, तिथलीच. औषधी रेणूंच्या सिम्युलेशनसाठी प्रभार बरेचदा अशा विभवावरूनच बसवतात. तिथेही आत दडलेल्या कार्बनचा आकडा रीत बदलली की हलतो.