इतिहासात पीएचडी: अमेरिकेची ऑफर वेगळी, यूकेची वेगळी

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये हेच होतं. कुणीतरी यूकेची ऑफर घेऊन येतं, घरी पेढे वाटून झालेले असतात, आणि मग हळूच विचारतं, सर, स्टायपेंड (राहण्या-खाण्यासाठी मिळणारे पैसे) कधीपासून सुरू होतो? कारण अमेरिकेतल्या कुठल्यातरी दादाने सांगितलेलं असतं की पीएचडीला पैसे युनिव्हर्सिटीच देते. दादा खरं सांगतो, पण अमेरिकेचं.

अमेरिकेचं बऱ्याच जणांना माहितीये म्हणून पटकन. डिसेंबर-जानेवारीत अर्ज, एसओपी (म्हणजे का आणि काय शिकायचंय याचं निवेदन), रायटिंग सॅम्पल, पाच-सहा वर्षं, आधी क्लासेस मग थीसिस. चांगल्या विभागाने घेतलं तर ट्यूशन माफ, स्टायपेंड, हेल्थ इन्शुरन्स सगळं ऑफरसोबतच कळतं, बदल्यात काही सेमिस्टर टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, म्हणून शिकवायचं. तिथल्या एमएला मात्र बहुतेक ठिकाणी खिशातूनच भरावं लागतं, तेवढं लक्षात ठेवा.

यूकेत प्रवेश आणि पैसे हे दोन वेगळे निर्णय असतात, आणि सगळा घोळ इथेच होतो. विभाग बघतो की तुमचं प्रपोजल, म्हणजे संशोधनाचा आराखडा, बरं आहे का आणि त्या विषयाला गाईड आहे का. दोन्ही असेल तर ऑफर. पैसे द्यायचे का नाही हे दुसरी कमिटी ठरवते, तिथे तुमची स्पर्धा सगळ्या विषयांतल्या मुलांशी असू शकते, आणि मुख्य म्हणजे तिची तारीख वेगळी असते. गेल्या वर्षी एक मुलगी आली होती, साताऱ्याकडची, मोडी कागदपत्रांवर काम करायचंय तिला, आणि प्रपोजल खरंच उत्तम होतं. कोर्सच्या पानावर अर्ज मेपर्यंत चालू दिसत होते म्हणून तिने निवांत फेब्रुवारीत भरला. स्कॉलरशिपची मुदत जानेवारीतच संपलेली. ऑफर आली, पण त्या पत्राच्या दुसऱ्या पानावर एकच ओळ होती, की फी आणि राहण्याचा खर्च कुठून करणार याचा पुरावा द्या. ती ओळ तिला मी दाखवली, आणि तिचा चेहरा अजून आठवतो.

फी पण साधी नाही. तिथल्या मुलांची पीएचडीची फी वर्षाला पाच हजार पौंडांच्या आसपास, आपल्याला ओव्हरसीज फी, ती कित्येक ठिकाणी वीस हजारांच्या वर.

म्हणून आधी पैशाची तारीख शोधा आणि मगच कोर्सची. ऑक्सफर्डला डिसेंबर-जानेवारीच्या मुदतीत अर्ज गेला की तिथल्या क्लॅरेंडन स्कॉलरशिपसाठी आपोआप विचार होतो, वेगळा फॉर्म नाही. गेट्स केंब्रिज स्कॉलरशिपसाठी केंब्रिजच्या अर्जातच फंडिंगचा भाग भरावा लागतो, तो रिकामा सोडला की संपलं. कॉमनवेल्थ स्कॉलरशिपचा अर्ज पूर्ण वेगळा, आणि तो साधारण ऑक्टोबरातच बंद होतो, म्हणजे बाकीचे लोक प्रपोजल लिहायला बसतात तेव्हा.

'स्कॉलरशिप मिळाली' हा शब्द तर फार सैल वापरतात लोक. फीमध्ये दोन हजार पौंडांची सूट म्हणजे फंडिंग नव्हे. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून चालू आहे, मोठं काम आहे त्यांचं, पण ती लोन स्कॉलरशिप आहे, फेडावी लागते. आणि केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपवर (अनुसूचित जाती वगैरे घटकांतल्या मुलांना परदेशी शिकायला मिळते ती) विसंबून असाल तर नियमावली शब्दन् शब्द वाचा, कारण २०२२ मध्ये तिच्यातून भारताचा इतिहास आणि संस्कृती यांवरचे विषयच वगळले. मराठेशाहीवर काम करणाऱ्या पोरांना हे ऐन वेळी कळतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझं मत पक्कं आहे, इतिहासाच्या पीएचडीसाठी घर गहाण ठेवून यूकेला जाऊ नका. ऑफर असली तरी नको, पैसे नाही मिळाले तर पुढच्या वर्षी परत भरा. त्या मुलीनेही तेच केलं, प्रपोजल तेच, फक्त यावेळी कॉमनवेल्थचा अर्ज सप्टेंबरातच भरून मोकळी झाली.