जेनेरिक कोडची मांडणी

टाइपांची (म्हणजे पूर्णांक, मजकूर अशा डेटाच्या प्रकारांची) काटेकोर तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये टाइपालाच प्राचल (पॅरामीटर, म्हणजे वापरताना ठरवायची बाब) मानून लिहिलेल्या कोडला जेनेरिक कोड म्हणतात. असा कोड टाइपावर कोणत्या अटी घालून व कोणत्या भागांत विभागून लिहावा, याचे काही संकेत रूढ झाले आहेत.

या कल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. प्राचलाधारित बहुरूपता (सर्व टाइपांसाठी एकच कोड) आणि तदर्थ बहुरूपता (एकाच नावाखाली प्रत्येक टाइपासाठी वेगळा कोड) हा भेद क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी १९६७ मध्ये कोपनहेगन येथील व्याख्यानांत मांडला. ती व्याख्याने रीतसर प्रकाशित झाली मात्र २००० मध्ये. ‘जेनेरिक प्रोग्रॅमिंग’ ही संज्ञा साधारणपणे डेव्हिड मसर व अलेक्झांडर स्टेपानोव्ह यांच्या १९८० च्या दशकाअखेरच्या कामाशी जोडली जाते. तथापि एडा भाषेच्या १९८३ च्या मानकात ‘जेनेरिक’ हा राखीव शब्द आधीच आढळतो. मांडणीपुरते पाहिल्यास बार्बरा लिस्कोव्ह यांच्या एमआयटीतील क्लू भाषेला अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण टाइपावरील अट ‘व्हेअर’ कलमात उघडपणे लिहिण्याची, आणि ती संपूर्ण संरचनेऐवजी एखाद्याच क्रियेला लावण्याची सोय तिच्यात होती.

अट नेमकी कोठे लिहावी हा आजही कळीचा प्रश्न आहे. रस्ट भाषेच्या प्रमाण लायब्ररीतील हॅशमॅपच्या (किल्ली व तिचे मूल्य अशा नोंदी साठवणाऱ्या संरचनेच्या) व्याख्येत किल्लीच्या टाइपावर कोणतीही अट नाही. नोंद घालणाऱ्या ‘इन्सर्ट’ला किल्ल्यांची समानता तपासता यावी लागते व त्यांचा हॅश (किल्लीवरून काढलेला, नोंद शोधण्यास उपयोगी अंक) काढता यावा लागतो, नोंदी मोजणाऱ्या ‘लेन’ला यांपैकी काहीच लागत नाही. अट व्याख्येतच घातली असती, तर हॅशमॅप नुसता पोटात बाळगणाऱ्या प्रत्येक जेनेरिक संरचनेलाही ती पुन्हा लिहावी लागली असती. म्हणून जी क्रिया अटीचा वापर करते तिच्यावरच ती लिहिणे इष्ट होय.

रस्टमध्ये कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत भाषांतर करणारा प्रोग्रॅम) सामान्यतः प्रत्येक टाइपासाठी फंक्शनची वेगळी प्रत तयार करतो आणि प्रोग्रॅम फुगतो. त्यावर उपाय म्हणून जेनेरिक भाग पातळ ठेवतात : फाइल वाचणारे ‘रीड’ फंक्शन मार्ग अनेक टाइपांत स्वीकारते, पण त्याचे लगेच ‘पाथ’ या एकाच टाइपात रूपांतर करून प्रत्यक्ष वाचनाचे काम ‘इनर’ नावाच्या साध्या फंक्शनकडे सोपवते. जावामध्ये जेनेरिकची सोय २००४ पासून आहे; तेथे टाइप-प्राचलांची माहिती संकलनात (कंपायलरच्या भाषांतरात) पुसली जात असल्याने ही अडचण येत नाही. गो भाषेत जेनेरिकची सोय २०२२ मध्ये आली. तेथे मूल्यावर केवळ एखादी मेथड (टाइपाशी जोडलेले फंक्शन) चालवायची असल्यास टाइप-प्राचलाऐवजी साधा इंटरफेस (आवश्यक मेथडांची यादी) वापरण्याचा प्रघात आहे.